विंडोज १० गेलं, लॅपटॉप जुना, लिनक्स टाकू का? त्याआधी फाइलींचे फॉन्ट बघा

तुमचा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ त्याला दारातच उभं करत नाही. तुम्ही सोसायटीचे सचिव, २००४ पासूनची इतिवृत्तं, नोटिसा, थकबाकीची पत्रं सगळी त्याच्यात. आणि मित्र म्हणतायत की परदेशी कंपनीवर विसंबायचे दिवस गेले, विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकून मोकळे व्हा.

टाका. पण या रविवारी नको.

मी डीटीपीवाली. कऱ्हाडात चोवीस वर्षं लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतेय. तुमच्या प्रश्नात मला विंडोज-लिनक्सपेक्षा '२००४' हा आकडा आधी दिसला. त्या काळची मराठी फाइल बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नसते. तेव्हाच्या फॉन्टांची करामत अशी होती की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता. फाइलमध्ये साठवलेला असतो एखादा 'के' किंवा स्वल्पविराम, आणि फॉन्ट त्या जागी 'क' नाहीतर अर्धा 'श' काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की खाली नुसता इंग्रजी कचरा उरतो. आमच्या धंद्यात याला 'फॉन्ट उडाला' म्हणतात. म्हणूनच त्या फाइलींत एखाद्या सभासदाचं नाव शोधायला गेलात तर सापडत नाही, आणि नावं अकारविल्हे लावायला गेलात तर भलतीच लागतात.

बरं, प्रत्येक कंपनीनं कुठल्या जागी कुठलं अक्षर बसवायचं ते आपापलं ठरवलेलं. एकीची फाइल दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडली तरी तोच गोंधळ.

मी स्वतः यात पोळलेय. माझ्या पहिल्या मशिनवर मराठीचं जे सॉफ्टवेअर होतं त्याला मागे प्रिंटरच्या पोर्टात एक डोंगल लावावं लागायचं, म्हणजे कुलपासारखं छोटं यंत्र, ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. मशीन बदललं, नव्या मशिनला ते पोर्टच नव्हतं. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, माझ्याच हातांनी टाइप केलेलं मॅटर, आणि उघडायची सोय नाही. एका संस्थेची नव्वद पानी स्मरणिका जुन्या छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली. त्या महिन्यात मी ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या ती यादी इथे देत नाही.

तर कामाचा क्रम सांगते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, पण घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे पडत नाहीत. ही मुदत फाइली बदलून घेण्यात घालवा.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. ते ऐंशी-नव्वद टक्के काम करतात आणि उरलेल्यात तुमचा जीव काढतात. पहिली वेलांटी हमखास एक अक्षर पुढेमागे जाते, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची. रफार भरकटतो. आमच्या गावाचं नावच बघा, 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होऊन येतं. (इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या रचनेत हा ऱ शिफ्ट दाबून इंग्रजी 'J' च्या कळीवर आहे. निम्म्या टायपिस्टांना माहीत नसतं.) सगळ्यात वाईट म्हणजे मजकुरात मधेच आलेली खरी इंग्रजी अक्षरं. 'बी विंग' असं इंग्रजी बी टाकून लिहिलं असेल, तर कन्व्हर्टरला तो बी इंग्रजी आहे हे कळायला मार्ग नाही, तो त्याचंही मराठी करतो. थकबाकीच्या यादीत फ्लॅट नंबर बदलला तर पुढच्या वार्षिक सभेत काय होईल ते तुम्ही सचिव आहात, तुम्हीच जाणा. म्हणून प्रत्येक फाइलची जुन्या मशीनवर पीडीएफ आधी करून ठेवा. ती बघून प्रूफ वाचा.

एवढं झालं की लिनक्स टाकणं अर्ध्या दिवसाचं काम. लिनक्सचा 'मिंट' हा प्रकार घ्या. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपवरचं काही न पुसता. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, ते तिथेच कळतं. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, विंडोजसारखाच, कारण ती रचना भारतीय मानकात ठरलेली आहे. बोटांना नवं काही शिकवावं लागत नाही. फॉन्टला 'मुक्त' किंवा 'बलू' घ्या, दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही फुकट. वर्डसारखं काम करणाऱ्या फुकट लिब्रेऑफिसात इतिवृत्तं छान होतात. हिशेब टॅलीवर असतील तर मात्र थांबा, टॅली विंडोजसाठीच बनतं. मी स्वतः एका मशीनवर मिंट ठेवलंय आणि दुसऱ्यावर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते अगदीच हवेत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियननं गुजरातच्या वाडीनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्क्यांवर हिस्सा आहे. लगेच मायक्रोसॉफ्टनं तिचे ईमेल वगैरे बंद केले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकन, आणि टपाल अडलं भारतातल्या माणसांचं. मला ही बातमी वाचून डोंगलच आठवलं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं तर २०२४ मध्येच तीसेक हजार सरकारी कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं.

पण त्याच जर्मनीत म्युनिक महापालिका वर्षानुवर्षं लिनक्स वापरून २०१७ मध्ये विंडोजकडे परत वळली, हेही मित्राला सांगा. आणि लिनक्स म्हणजे स्वदेशी असं समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांपायी काही रशियन माणसांची नावं लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून काढली गेली. फरक इतकाच की लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, सगळ्यांच्या हातात आहे, तो उद्या कुणी परत मागू शकत नाही. माझ्या मते तेवढा फरक पुरेसा आहे. सोसायटीच्या नोटिशीवर निर्बंध लावायला ब्रुसेल्सहून कुणी येणार नाही, तुमचं संकट फारच घरगुती आहे: पुढचा सचिव या फाइली उघडू शकेल का.

आज एकच करा. २००४ ची कुठलीही फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून 'मंगल' हा विंडोजचा युनिकोड फॉन्ट करा. मराठी दिसली तर सुटलात. कचरा दिसला तर सेव्ह न करता बंद करा, पुन्हा उघडून मूळ फॉन्टचं नाव बघा आणि इथे खाली लिहा. माझ्याकडे काही जुन्या फॉन्टांचे अक्षरतक्ते वहीत उतरवलेले आहेत, तुमचा त्यात असेल तर सांगते.