वाचकांचे प्रश्न : आत्याकडे सगळं गाव आलं, आत्या कुणाकडे गेली?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सासवडचे. माझी आत्या गेल्या पौषात गेली, वय सत्त्याऐंशी. दोन-अडीच वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले, घरात सगळे "वारं गेलं" असंच म्हणायचे, पोलिओ होता हे खूप नंतर कळलं. लग्न झालं नाही, आमच्याकडेच राहिली, आणि खरं सांगायचं तर घर तिचंच होतं. माउलींची पालखी सासवडला दोन रात्री मुक्कामाला असते ना, तेव्हा आमच्या वाड्यात आजोबांच्या काळापासून एक दिंडी उतरते, शंभरेक माणसं. त्या सगळ्यांचं आत्या बघायची. बेअरिंगची चाकं लावलेला एक पाट होता तिचा, त्यावर बसून हाताने जमीन रेटत ओसरीभर फिरायची. बिनसाखरेचा चहा कुणाला, गुडघा कुणाचा धरलाय, कुणाची सून बाळंत झाली, सगळं पाठ. तिला खालून आधी पायच दिसायचे म्हणून माणूस पायावरून ओळखायची, मान वर करायच्या आधीच नाव घ्यायची! दिवे घाट चढून आलेल्यांना मिठाचं कोमट पाणी तयार असायचं. बहुतेक वेळा त्याच सुमारास एकादशी येते, मग भगर आणि दाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी बारस सोडायला गोडाधोडाचं. ७३ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरीला चिरा जायच्या, तर आत्या पीठ उकड काढून मळायची आणि दिंडीला भाकरी अख्खी वाढायची, असं आई सांगते. करोनात पादुका एसटीने गेल्या, वाडा रिकामा होता, तरी ही दोन्ही दिवस आवरून ओसरीवर येऊन बसली.

आता वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची आहे आणि घरात वाद सुरू आहेत. काका म्हणतात पायाचं काही लिहू नका, ती किती करायची तेवढंच लिहा. पुण्याच्या चुलतभावाला कव्हरवर "अपंगत्वावर मात" असं पाहिजे. गावातले सगळे म्हणतात, तिला पंढरपूरला जायची गरजच नव्हती, विठ्ठलच दारात यायचा, तर ते वाक्य मागच्या पानावर टाकायचं ठरतंय. ती कधी गेली नाही पंढरपूरला. दिंडीतल्या लोकांना मात्र दर वर्षी विचारायची, पायऱ्या किती, नामदेव पायरी केवढी उंच आहे, वाळवंटातून वर कसं जातात. देवळात तिच्या नावाचं बाकडंही द्यायचंय. आणि एक मनात खुपतं, शेवटची दहा-बारा वर्षं ती फार थकायची, हातातली ताकद गेली, आम्ही वय झालं म्हणून सोडून द्यायचो, कधी कधी ओरडायचोही की आता पुरे कर लोकांचं. काय करावं सुचत नाही.
— एक भाची, सासवड

उत्तर : तुमचं पत्र परत परत वाचलं. पुस्तिकेचा निम्मा मजकूर तुम्ही न कळत लिहूनच टाकलाय हो. पायावरून माणूस ओळखणं, उकड काढलेली मिलोची भाकरी, रिकाम्या वाड्यात आवरून बसणं, हे असंच्या असं छापा, त्याला विशेषणं लावू नका.

काकांचं आधी बोलते. ते म्हणतात पायाचं लिहू नका, त्यात त्यांची माया आहे, बहिणीला आयुष्यभर लोकांनी "बिचारी" म्हटलेलं त्यांनी ऐकलं असेल. पण पाय काढून टाकले तर पाटही जातो, पायावरून ओळखणंही जातं, मग उरते ती कुठलीही एक प्रेमळ आत्या, तुमची नाही उरत. चुलतभावाच्या "मात" चंही तसंच. तिने कशावर मात केली? पोलिओ जवळजवळ पंच्याऐंशी वर्षं तिच्यासोबतच होता, त्याच्यासकट ती जगली, त्याच्यासकट तिने शंभर माणसांचं केलं. ते कसं केलं हे लिहा, अगदी बारीकसारीक लिहा. पाट कुणी करून दिला, पावसात ओसरी ओली झाली की चाकं सरकायची का, ताटं तिच्यापर्यंत कोण आणायचं, कळशी कुठे ठेवलेली असायची.

स्वयंपाकघराबद्दल तर नक्की लिहा, कारण मला वाटतं तिथे एक मोठी गोष्ट आहे जी घरातल्यांच्या लक्षात येत नाही. आपलं जुनं स्वयंपाकघर सगळं बसून करायचं होतं, चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली, जातं खाली, पंगतही खालीच. त्या घरात तुमची आत्या बाकीच्या बायकांच्या बरोबरीने बसायची, कुणाला काही वेगळं करावं लागत नव्हतं. मग ओटा आला. गॅस आला आणि तो खाली ठेवता येत नाही, शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीला लागते, म्हणजे स्वयंपाक एकदम कमरेच्या उंचीवर गेला. ज्या दिवशी तुमच्याकडे ओटा बांधला त्या दिवशी आत्याचं काय झालं, हे आईला विचारा. ती रॉकेलच्या स्टोव्हवरच खाली करत राहिली का, की ओसरीवर बसून नुसतं सांगायला लागली? खूप घरांत असं झालंय की बाई तीच, पाय तेच, आणि घर सुधारलं म्हणून ती आपल्याच घरात परावलंबी झाली.

आणि आईचं नाव घेतलंय म्हणून सांगते, पुस्तिकेत आईला जागा द्या. शंभर माणसांचं पाणी, उष्टी, वाळत घातलेली धोतरं हे कुणीतरी उचललंच असणार ना. आत्याला सगळं पाठ होतं आणि आईच्या हातात बादली होती, दोघी मिळून तो पाहुणचार झालाय. तुम्ही ते लिहिलंत तर आत्या लहान होत नाही, आणि आई हे वाचायला अजून आहे, ही केवढी मोठी गोष्ट.

आता ते मागच्या पानावरचं वाक्य. गावाने ते प्रेमाने म्हटलंय हे कळतं. पण माझं मत विचाराल तर ते टाकू नका. जी बाई दर वर्षी विचारते की नामदेव पायरी केवढी उंच आहे, तिला जायचं होतं. ती उंची मनात मोजत होती, आपल्याला जमेल का हे बघत होती. आणि समोरच्याने काय उत्तर दिलं असेल? "आत्या, तुम्हाला कशाला त्रास, माउलीच येतात की तुमच्या दारात." किती गोड उत्तर आहे, आणि विषय तिथेच संपला, वर्षानुवर्षं. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं की चला, चौघं जण उचलतो. मी तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही तेव्हा लहान होता आणि सगळं गावच असा विचार करत होतं. पण ती विचारायची ते प्रश्न पुस्तिकेत छापा, जसेच्या तसे. मागच्या पानावर तेच शोभतील.

तुमच्या पत्रात मला आणखी एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे आत्या कुणाच्या घरी गेल्याची. सत्त्याऐंशी वर्षांत किती माणसं तिच्याकडे जेवून गेली, ती कुणाकडे जेवली? हळदीकुंकवाला गेली का? मैत्रिणीच्या मंगळागौरीला? सासवडच्या जुन्या वाड्यांचे जोते बघा, तीन-तीन चार-चार पायऱ्या असतात. ती सगळ्यांना बोलवायची कारण तिचा स्वभाव होता, हे शंभर टक्के खरं. पण तिला माणसं भेटायची दुसरी वाटच नव्हती हेही खरं असू शकेल. हे लिहिताना मला जड जातंय, तरी लिहिते, कारण तिच्या आतिथ्याचं कौतुक सगळेच करतील, हा प्रश्न विचारायला तुम्हीच उरलाय. जुन्या शेजारणी असतील तर त्यांना भेटा, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, आणि "आत्या कशी होती" असं विचारू नका, त्यावर सगळे "देवमाणूस" म्हणून मोकळे होतात. विचारा की तुमच्या घरी ती शेवटची कधी आली होती. दिंडीतले जुने वारकरी यंदा उतरतील तेव्हा त्यांनाही विचारा.

पोलिओबद्दल चार ओळी जरूर टाका, तुमच्या भाचरांना तो माहीतच नाही, आणि माहीत नाही हे किती चांगलंय. हा विषाणू तोंडावाटे जातो, आतड्यात वाढतो, बहुतेकांना काहीच होत नाही, साधारण दोनशेत एकाला कायमचा लुळेपणा येतो कारण मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात. संवेदना मात्र जात नाही. म्हणजे आत्याचे पाय हलत नव्हते पण फरशीचा गारठा, मुंगी चावली तर, सगळं कळायचं तिला. ती आजारी पडली तेव्हा जगात कुठेच लस नव्हती, पहिली लस आली १९५५ मध्ये. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तिच्या एका आयुष्यात हे सगळं झालं. घरातल्या बाळांना डोस द्यायला ती मागे लागायची का? लागायची असेल तर तेही लिहा.

शेवटच्या वर्षांतल्या थकव्याचं. लहानपणी पोलिओ झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, परत नवा अशक्तपणा येतो, जे स्नायू तोवर चांगले होते तेही दमतात, थकवा येतो, थंडी सोसत नाही. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. वाचलेल्या मज्जापेशींनी आयुष्यभर दुप्पट काम केलेलं असतं आणि शेवटी त्या झिजतात, असं मानलं जातं. आत्याला तेच होतं असं मी इथे बसून सांगू शकत नाही, शिवाय हाताने जमीन रेटून रेटून खांदे वेगळेच झिजतात. पण तो आळस नव्हता आणि नुसतं वयही नसावं. तुम्ही ओरडलात कारण ती दमलेली तुम्हाला बघवत नव्हती. तिला हे कळत असणार, माणसं वाचण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि बाकडं नको. बाकड्यावर चालत आलेली माणसं बसतील. त्याच पैशात देवळाच्या नाहीतर जवळच्या कार्यालयाच्या दाराशी रॅम्प करा, तिच्या नावाने. विश्वस्तांना सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत असं करणं अपेक्षितच आहे. फक्त गवंड्यावर सोडू नका, तो हमखास घसरगुंडी करून ठेवतो! एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर बारा फुटांचा रॅम्प, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, गुळगुळीत फरशी नाही, आणि वर पोचल्यावर चाकाची खुर्ची वळवायला सपाट जागा. दार तीन फूट मोकळं पाहिजे. आणि वरती उंबरा ठेवू नका, सगळं केलं आणि उंबरा ठेवला असं मी फार ठिकाणी बघितलंय.

प्रश्न : माझी आई पडली तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. तिला संक्रांतीला पूर्वीसारखं हळदीकुंकू करायचंय. आम्ही म्हणतो तू नुसती बस, आम्ही सगळं करतो, तर ती चिडते. काय करावं?
— एक मुलगा, मिरज

उत्तर : तिला बसवून ठेवू नका, तिच्या हातात काम द्या, म्हणून चिडते ती. यजमानीण म्हणजे ती स्वतः कुंकू लावणार, वाण देणार, दारात "या या" म्हणणार. कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगूळ सगळं तिच्या मांडीच्या उंचीच्या टेबलावर मांडा, टेबलाखाली गुडघे जातील असं. बायका उभ्या राहिल्या तर तिचा हात त्यांच्या कपाळापर्यंत पोचणार नाही, म्हणून समोर एक खुर्ची ठेवा, येणारी आधी बसेल, मग कुंकू. हॉलमधला गालिचा त्या दिवशी गुंडाळून ठेवा, चाक अडकतं. गुळाची वडी तिलाच थापायची असेल तर इंडक्शन शेगडी कमी उंचीच्या टेबलावर ठेवून जमतं, गॅसचा ओटा तिच्यासाठी उंच आणि धोक्याचा आहे, बसल्या बसल्या हात ज्योतीवरून जातो. पुढेमागे किचनचं काम काढाल तर ओट्याचा एक भाग साधारण तीस इंचांवर घ्या आणि खाली कपाट करू नका. आणि यादी तिच्याकडून घ्या, कुणाला बोलवायचं ते तिला ठरवू द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या एक काकू कुबड्या घेऊन चालतात. मुलाच्या मुंजीला त्यांना बोलवायचंय पण हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. बोलावलं तर त्यांना अवघड होईल, नाही बोलावलं तर वाईट वाटेल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बोलवा, आणि आमंत्रण देतानाच खरं सांगा की हॉल वर आहे, जिना एवढा आहे, एका बाजूला कठडा आहे, यायला जमेल का, काय केलं तर जमेल? यायचं की नाही ते त्या ठरवतील, तो निर्णय आपण त्यांच्या वतीने घ्यायचा नसतो. त्या येतो म्हणाल्या तर घरातलं एक माणूस फक्त त्यांच्यासाठी जिन्याशी ठेवा, त्या सांगतील तसाच आधार द्यायचा, न विचारता दंड धरायचा नाही, त्याने तोल जातो. जिन्याशी एक खुर्ची, वर पंगतीऐवजी टेबलावर जागा, आणि शेजारी त्यांच्या ओळखीचं कुणीतरी. हॉलचं अजून नक्की झालं नसेल आणि तळमजल्याचा मिळत असेल तर तोच घ्या, बाकीच्या वयस्कर पाहुण्यांनाही बरं पडेल.