मेंदूवरची गोळी, पोटातला गोंधळ

प्रश्न : सतत उदास वाटतं. रक्तातलं सेरोटोनिन तपासून घेऊ का? कोणत्या लॅबमध्ये जाऊ? (धरमपेठ)

उत्तर : कोणत्याच नाही. सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, मनःस्थितीशी त्याचा संबंध जोडतात. पण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठतं आणि तिथून मेंदूत शिरत नाही. रिपोर्टवरच्या आकड्यावरून तुमच्या मनाचं काहीच कळणार नाही. ते पैसे मानसोपचारतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवा.

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डोपामिनला हात न लावणारं औषध आलंय म्हणे. खरं का? (इतवारी)

उत्तर : खरं आहे. डोपामिन हेही मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशींवरच्या तो निरोप घेणाऱ्या जागा. या आजारावरचं जुनं औषध क्लोरप्रोमाझिन 1952 पासून वापरात आलं, पण त्याचा गुण डोपामिनचे डी2 रिसेप्टर अडवल्यामुळे येतो हे नीट उलगडलं 1970 च्या दशकात. औषध आधी, कारण मागाहून! पुढची बहुतेक औषधं त्याच वाटेने गेली. भास कमी होतात, पण हात थरथरतात, अंग आखडतं. कारण हालचाली सांभाळणाऱ्या भागातही तेच रिसेप्टर आहेत.

तुम्ही ऐकलंय त्या औषधातलं झॅनोमेलिन डोपामिनच्या वाटेला जात नाही, असिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचे एम1 आणि एम4 रिसेप्टर चेतवतं. 1990 च्या दशकात ते अल्झायमरसाठी आजमावलं गेलं. रुग्णांचे भास-संशय कमी झाले, पण मळमळ-ओकाऱ्यांनी लोक हैराण. आतड्यातही असिटिलकोलिनचेच रिसेप्टर ना! औषध बाजूला पडलं. तोड निघाली ती वारंवार लघवी लागण्यावरच्या एका जुन्या गोळीतून. ती गोळी म्हणजे ट्रॉस्पियम. ते मेंदूत फारसं पोचतच नाही, बाहेरचे रिसेप्टर मात्र अडवतं. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये भरली आणि सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मला विचाराल तर नव्या रेणूपेक्षा ही जुगाडाची अक्कल मोठी. मळमळ पूर्ण गेलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि हुरळून जाऊ नका. फक्त एम4 वर नेम धरणारं एम्राक्लिडिन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाचण्यांत नापास झालं. भावाच्या चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत.

प्रश्न : आईला मानसिक आजाराच्या औषधासोबत ट्रायहेक्सिफेनिडिल आहे. तोंड कोरडं पडतं, आणि भर मे महिन्यात घामच येत नाही. (सक्करदरा)

उत्तर : तोंडाचं सोसता येईल, घामाचं नाही. ही गोळी अंग आखडू नये म्हणून देतात आणि ती असिटिलकोलिन अडवते. घामाच्या ग्रंथींना हुकूम त्याचाच असतो. तो अडला की अंग थंड होण्याचा मार्गच बंद, आणि आपल्याकडे नागपुरात पारा 45 ला टेकतो. डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. डोस कमी करता येईल का, ते तेच ठरवतील. परस्पर थांबवू नका, अंग पुन्हा आखडेल. तोवर दुपारी बारा ते चार आईंना कूलरच्या खोलीतच ठेवा, तहान नसली तरी थोडंथोडं पाणी देत राहा. अंग तापलंय, कातडी कोरडी आहे आणि बोलणं असंबद्ध झालंय, तर तो उष्माघात समजा. ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत मेडिकल कॉलेजच्या किंवा जवळच्या रुग्णालयात न्या, आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत घ्या.