आई आतून कडी लावते

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. दिवाळीआधी बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर नाही. आंघोळीला मदत करते म्हटलं तर आतून कडी लावते. बाई लावली, तिला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत राहते. काय करू? – एक लेक, सांगली

उत्तर : ताई, तशीच दाराबाहेर मीही उभी राहिलेय. तुमचं पत्र वाचून पोटात कालवाकालव झाली.

तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं, कितीतरी पेशंटांचं अंग पुसलं. तरी सासूबाईंचा हात मोडला तेव्हा चुकले. त्यांना न विचारताच बाई ठरवली. चार दिवस त्या आंघोळीलाच गेल्या नाहीत. पाचव्या रात्री पाय चेपताना म्हणाल्या, "एका हाताने कासोटा खोचता येत नाही गं. आणि गाऊन घालून देवापुढे कशी बसू?" अडलं होतं लुगड्यापाशी, आणि मी भांडत होते आंघोळीवरून.

मग शिवलेली नऊवारी आणली. ब्लाउज सैल शिवून घेतला, हुकांच्या जागी व्हेलक्रो लावलं. दुखऱ्या हाताची बाही आधी चढवायची आणि काढताना शेवटी काढायची, हे एकदा दाखवलं. पुढे त्यांचं त्या करू लागल्या.

तुमच्या आईंना नेमकं काय अडतंय, ते विचारा. आंघोळीच्या वेळी नको, दुपारी भाजी निवडताना. हुक असतील, बादली असेल, परक्या बाईसमोर कपडे काढायची लाज असेल. अडतं तेवढ्यालाच हात लावा, बाकीचं वेळ लागला तरी त्यांना करू द्या.

कडीबाबत मात्र तडजोड नको. ती काढून बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवा. हाक मारल्याशिवाय कुणी आत येणार नाही, असा शब्द द्या आणि घाईच्या दिवशीही पाळा.

आत पायांना रबर असलेली खुर्ची ठेवा. विसण घातलेली बादली स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकायला नको. तांब्याऐवजी हलका मग द्या. टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. आधाराचा दांडा वेगळा, भिंतीत पक्का हवा. तो कुठे लावायचा? कोरड्या बाथरूममध्ये आईंना खुर्चीवरून उठून बघायला सांगा. हात आपसूक जाईल तिथे त्यांनीच खडूने खूण करावी. प्लंबरशीही त्यांनाच बोलू द्या.

बाईचा विषय सध्या काढू नका. सासूबाईंनी महिन्याभराने आपणहून हाक मारली, पाठ चोळायला. मी तेवढंच केलं आणि बाहेर आले.

आणि घसरण्याआधी चक्कर आली होती का, हेही विचारा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्याउठल्या डोकं गरगरू शकतं. या वयात साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला. मनगट प्लास्टरवर निभावलं, खुब्याचं हाड मोडलं तर बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं.