अहमदाबादला २०३० चे राष्ट्रकुल खेळ होणार आहेत. बारा लाखांत कोणता धंदा धरावा?

तुम्ही लिहिलंय की मूळ जळगावचे, दहा वर्षं अहमदाबादच्या मणिनगरला राहता, नोकरी सोडायची मनाची तयारी झालीय, हातात बारा लाख आहेत आणि डोक्यात तीन कल्पना आहेत. मोटेराच्या क्रिकेट स्टेडियमपाशी फ्लॅट भाड्याने घेऊन होमस्टे, टी-शर्ट-टोप्यांचं दुकान, नाहीतर खाण्याची गाडी. माझा सल्ला विचाराल तर तिन्ही सोडा.

आधी होमस्टे. १४ ऑक्टोबर २०२३ ची भारत-पाकिस्तान मॅच तुम्ही तिथेच असताना झाली, त्यामुळे तुम्हाला मी काय सांगावं! हॉटेलांचे भाव इतके चढले की लोक तपासणीच्या नावाखाली इस्पितळात खाट घेऊन रात्र काढायचं बघत होते, अशा बातम्या आल्या होत्या. तुमची कल्पना बहुधा त्याच बातम्यांतून उगवलीय. पण ती एका मॅचची गोष्ट. घरमालकाला भाडं बाराही महिने लागतं. शिवाय तुम्हाला जे सुचलं ते शहरातल्या प्रत्येक रिकाम्या फ्लॅटवाल्याला सुचणार. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकआधी हेच झालं: घरं भाड्याने द्यायला इतके लोक पुढे आले की शेवटी भाव उतरवायची वेळ आली. त्याआधी २०१२ ला लंडनमध्ये तर गर्दीच्या धास्तीने नेहमीचे पर्यटकच फिरकले नाहीत आणि मध्यवस्तीतली नाटकवाली, दुकानदार मंडळी ऐन ऑलिंपिकात गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.

टी-शर्ट-टोप्या: स्पर्धेचं बोधचिन्ह, शुभंकर, नाव, हे सगळं परवान्याशिवाय छापता येत नाही, आणि परवाना बारा लाखवाल्याला मिळत नाही. बिनचिन्हाचा माल विकायचा तर काळूपूरच्या रेवडी बाजारातल्या ठोक कापडवाल्यांशी भावात भिडावं लागेल. त्यांच्या तीन पिढ्या त्यात गेल्यात. खाण्याची गाडी तर विचारातही घेऊ नका. २०१० ला दिल्लीत खेळांच्या तोंडावर सगळ्यात आधी रस्त्यावरचे फेरीवालेच हटवले होते. पाहुणे यायच्या वेळी शहर स्वच्छ दिसावं म्हणून जे उचललं जातं, त्यात आपली गाडी कशाला ठेवायची?

आता मी हे कुठल्या अधिकाराने बोलतोय ते सांगतो. अधिकार फजितीचा आहे.

माझी पुण्याजवळ थेरगावला लाँड्री आहे. इस्त्रीची टपरी नव्हे, हॉटेलं-हॉस्टेलांच्या चादरी-टॉवेलांची. ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, १२ ते १८ तारखेपर्यंत, बालेवाडीच्या संकुलात. तेव्हा माझ्याकडे दोन मशिनं होती. एका कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडून मला मुक्कामाच्या जागेचे कपडे धुवायचं काम मिळालं. म्हणजे मूळ कामवाला आणि मी, यांच्यात दोन माणसं. पण 'इंटरनॅशनल' काम म्हटल्यावर मी हुरळलो. पतसंस्थेतून कर्ज काढलं, तिसरं मशीन भाड्याने आणलं, सहा पोरं रोजावर ठेवली. उचल मिळाली वीस टक्के.

काम आठवडाभराचं. झालंही छान, एक डाग राहिला म्हणून तक्रार नाही. बिल घेऊन गेलो तर ज्या सुपरवायझरने माल मोजून घेतला होता तो नोकरी सोडून गेलेला, आणि नवा म्हणतो एकशे चाळीस टॉवेल कमी आहेत. माझ्याकडे माल पोचवल्याचं चलन होतं, पण त्यावर सही नव्हती. घाईत 'उद्या करतो' म्हणाला होता. उरलेले पैसे दीड वर्षाने आले, टॉवेलांचे कापून. तोवर पतसंस्थेचं व्याज मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जात होतं. सात दिवसांच्या कामाने मला दोन वर्षं मागे नेलं.

त्याच काळात माझा एक मित्र बाणेरला खानावळ चालवायचा. स्पर्धेच्या आधी वर्ष-दीड वर्ष त्या पट्ट्यात रस्त्यांची, इमारतींची कामं चालली होती. साइटवर इंजिनिअर, मोजणीवाले, फोरमन, इलेक्ट्रिशियन, सगळे बाहेरगावचे आणि एकटे राहणारे. या पठ्ठ्याने चाळीस डब्यांपासून सुरुवात केली आणि दोनशेच्या वर गेला. पैसे दर शनिवारी रोख. ज्याने दोन शनिवार चुकवले त्याचा डबा सोमवारी बंद, मग तो कितीही मोठा साहेब असो. स्पर्धेच्या आठवड्यात त्याने खानावळ बंद ठेवून तुळजापूर केलं, कारण कामं संपली होती आणि गिऱ्हाईक पांगलं होतं. आज हिंजवडीत त्याची दोन कँटीन आहेत, आणि तीही साइटवरच्याच ओळखीतून मिळालेली. बालेवाडीची एकही स्पर्धा त्याने बघितली नाही.

तर तुमच्या शहरात गिऱ्हाईक २०३० मध्ये येणार नाहीये, ते आत्ताच यायला लागलंय. यजमानपदाची घोषणा २६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोत झाली. नारणपुऱ्याचं वीर सावरकर क्रीडासंकुल त्याआधीच, सप्टेंबरात सुरू झालंय. मोटेरात एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांच्या स्टेडियमशेजारी सरदार पटेल क्रीडानगरीची आखणी आहे. पाहुणे पंधरवड्याचे, ते सगळं बांधणारे, जोडणारे, तपासणारे लोक चार वर्षांचे. त्यांना जेवण लागतं, खोली लागते, धुतलेले कपडे लागतात, सेफ्टी बूट लागतात.

यात एक धोकाही धरून चला. हे खेळ जाहीर झाले म्हणजे ठरल्या जागी होतातच असं नाही. २०२२ चे डर्बनला मिळाले होते, ते काढून बर्मिंगहॅमला गेले. २०२६ चे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्च परवडत नाही म्हणून २०२३ मध्ये परत केले आणि ग्लासगोने दहाच खेळांवर भागवायचं ठरवून घेतले. अहमदाबादचं तसं होईल असं मला वाटत नाही, तिथे सगळ्यांची नजर २०३६ च्या ऑलिंपिकवर आहे. पण धंदा असा निवडा की उद्या खेळ दुसरीकडे गेले तरी सोमवारी शटर उघडता येईल.

मला कळतं ते लाँड्रीतलं, म्हणून तेच मांडतो. बारा लाखांत पूर्ण हॉटेल-लाँड्री उभी राहत नाही. चादरी इस्त्री करणारं मोठं रोलरचं मशीनच तुमचं बजेट खाईल. पण पीजी, मुलांची हॉस्टेलं, वीस-तीस खोल्यांची लहान हॉटेलं, जिमचे नॅपकिन, सलूनचे टॉवेल, एवढ्यावर सुरुवात होते. वापरलेलं पण चांगल्या स्थितीतलं वॉशर-एक्स्ट्रॅक्टर (धुऊन पिळून काढणारं मशीन), एक ड्रायर, एक छोटा टेंपो, तोही आधी भाड्याचाच. माझा ठोकताळा असा की चालत्या हॉटेलात एका खोलीमागे दिवसाला तीन-चार किलो कपडा निघतो. त्यावरून मोजा, किती खोल्या धरल्या की मशीन दिवसभर चालेल. अर्धा दिवस बंद असलेलं मशीन म्हणजे हप्ता आपल्या खिशातून.

जागा घेण्याआधी पाणी तपासा. बोअरचं जड, क्षारांचं पाणी असेल तर साबण दुप्पट लागतो, पांढरी चादर तिसऱ्या महिन्यात पिवळट होते आणि गिऱ्हाईक बोट आपल्याकडे दाखवतं. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवायला लागेल, तो खर्च आधीच धरा. सांडपाण्यासाठी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे काय लागतं तेही करार करण्यापूर्वीच विचारून घ्या, मशीन बसल्यावर नव्हे. इस्पितळाचे कपडे पहिल्या वर्षी घेऊ नका. तिथे पैसा आहे, पण ते वेगळं शास्त्र आहे.

पैशाचं मात्र माझ्यासारखं करू नका. पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, फुकट होते. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. त्यात २०२४ पासून आयकराचीही मेख आहे: मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर मोठ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. भांडायला जायची गरज पडत नाही, मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच आपली आठवण काढतो. फक्त हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. टोप्यांचं दुकान नको म्हणालो त्याचं हेही एक कारण.

आणि खेळांचं काम आलंच तुमच्याकडे, येईलही, तर तुमच्या एकूण कामाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घेऊ नका. मधे एकच माणूस असेल तर घ्या, दोन असतील तर हात जोडा. उचल निम्मी. प्रत्येक चलनावर नग मोजून सही आणि शिक्का, 'उद्या करतो' म्हणाला तर गाडी माघारी.

नोकरी इतक्यात सोडू नका. दोन महिने दर रविवारी सकाळी नारणपुरा, साबरमती, चांदखेडा, मोटेरा या भागातले पीजी आणि लहान लॉज पालथे घाला. खोल्या किती, चादरी किती दिवसांनी बदलतात, आत्ता कोण धुतं, किलोला काय देतात, पैसे कधी देतात, एवढंच विचारायचं. गुजरातीत विचारा, मराठी माणूस गुजरातीत भाव करतो म्हटल्यावर तेही मोकळे होतात. वहीत पन्नास नावं झाली की इथेच खाली लिहा, मग कोणतं मशीन, किती किलोचं आणि जुनं कुठे मिळेल ते सांगतो.