वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचं कोडं

प्रश्न : माझ्या रहस्यकादंबरीत गोव्यातल्या साष्टीतल्या देवळाच्या भिंतीवर कावी चित्र (तांबड्या थरात खरवडून काढलेलं) आहे. त्यात शके 1627 हे साल दडलेलं असतं आणि खलनायक पुढे त्यात खोट्या खुणा घालतो. वाचकाला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून काय करू? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी देऊळ फोंड्याला हलवा. शके 1627 म्हणजे इ.स. 1705-06. साष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच पाडली. फोंडा मात्र तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. कुठ्ठाळीचा मंगेशही तिकडेच, प्रियोळला गेला होता.

साल लपवायला कटपयादी, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची जुनी पद्धत घ्या, त्या काळच्या शास्त्रीबुवाला ती शोभते. क ते झ 1 ते 9, ट ते ध 1 ते 9, प ते म 1 ते 5, य ते ह 1 ते 8. ञ आणि न शून्य. काना-मात्रा सोडायच्या, जोडाक्षरातलं शेवटचंच व्यंजन धरायचं आणि आकडे उलटे वाचायचे. चित्रात छत्र आणि चाप काढा. छ 7, त्र मधला र 2, च 6, प 1. उलटं वाचलं की 1627. ‘चाप’ बोलताना प अर्धा वाटतो, पण मोजणी लिहिण्यावरून. चापाला ‘धनुष्य’ म्हटलं की गणित कोसळतं, म्हणून ‘चाप’ हा शब्द शास्त्रीबुवाच्या तोंडी आधीच येऊ द्या. क्रम उलटला तर 2716 येतं. ते शक अजून उजाडलेलंच नाही, त्यामुळे नायकाला चूक आपोआप कळेल. चित्रात इतर वस्तूही असणार, तेव्हा या दोन्हींनाच वेगळी खूण द्या: बाकी सगळ्यांत रेघा भरलेल्या, या दोन कोऱ्या.

खलनायकाचं काम मात्र बदलावंच लागेल. कावीत चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजाचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार सळईने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. वाळल्यावर तशी स्वच्छ रेघ येत नाही, कडा टवके उडून फाटतात. नवा गिलावा लावून कोरलं तर ठिगळाचा सांधा दिसतो. त्यापेक्षा त्याला चित्रावर चुना फासू द्या. एक-दोन पातळ हातांखाली खरवडलेल्या खाचा पुरत्या बुजत नाहीत. अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला की सावल्यांतून त्या उमटतात. हा प्रसंग घाई न करता लिहा, कथेचा जीव तिथेच आहे.

प्रश्न : असा शोध गोव्यात खरोखर लागला आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : हो. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये शिराझला मारली गेली. ऑगस्टिनी धर्मगुरूंनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात आणले. ते कोणत्या चॅपेलच्या कोणत्या खिडकीत ठेवले, हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं. पण त्या ऑगस्टिनी चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलेलं, म्हणून ढिगाऱ्यात ती खिडकी ठरवणं हेच खरं कोडं होतं. 2004 मध्ये पुरातत्त्व खात्याला हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्याची डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये ते जॉर्जियाला सोपवण्यात आलं.