नाशिकमध्ये नोकरी करत घेतलेल्या ऑनलाइन आयटी पदवीला बाहेर किंमत असते का?

तुम्ही लिहिलंय की वय २३, बारावी सायन्स, अंबडला एका कंपनीत डिस्पॅचला आहात, नोकरी सोडून पुण्याला जाणं जमणार नाही. ऑनलाइन बीसीए किंवा बीएस्सी आयटी करायचा विचार आहे, पण घरचे म्हणतात, "असल्या घरबसल्या डिग्रीला कोण विचारतं?"

हे वाक्य मी माझ्याच घरात, पाहुण्यांसमोर ऐकलंय. म्हणून उत्तर लांबणार आहे.

किंमत असते. मी स्वतः २०२१ ते २०२४ ऑनलाइन बीसीए केलं, तेव्हा सातपूरला पपया नर्सरीच्या पुढे एका मशीन शॉपच्या स्टोअरला होतो. आज कारखान्यांना ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देणाऱ्या नाशिकमधल्याच एका छोट्या फर्ममध्ये काम करतो. पण नुसतं "किंमत असते" म्हणून सोडलं तर तुम्ही उद्या फी भराल आणि तीन वर्षं व्हिडिओ बघत बसाल. ती चूक मी पहिलं वर्षभर केली.

पाळी सुटली की सिडकोत घरी यायचं, जेवायचं आणि दीडपट वेगाने लेक्चर लावायचं. लेक्चर संपलं की खूण करायची, झाला अभ्यास. डेटाबेसचा पेपर होता, त्यात नॉर्मलायझेशन. फर्स्ट नॉर्मल फॉर्म, सेकंड, थर्ड, व्याख्या तोंडपाठ. स्टुडंट टेबल, कोर्स टेबल, तेच ते उदाहरण. मला एक अक्षर कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हेही कळलं नव्हतं.

कळलं ते ३१ मार्चला. दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडे फिजिकल स्टॉक व्हायचा, म्हणजे रॅकवरचा माल मोजून रजिस्टरशी ताडायचा. त्या वर्षी टर्निंगचे इन्सर्ट, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या टूलची बदलता येणारी पाती, कमी भरले. सीएनएमजी १२०४०८ हा आमच्याकडे सगळ्यात जास्त लागणारा इन्सर्ट. हिशोबाने १४० नग हवे होते, बॉक्स उघडून मोजले तर ६०. एकेक नग काही शे रुपयांचा असतो, म्हणजे ८० नग ही लहान रक्कम नव्हे. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, रात्रपाळीचा एक ऑपरेटर. कारण काय, तर तो जास्त इन्सर्ट मागतो. मी त्याला चार वर्षं ओळखत होतो. तो जास्त मागायचा कारण त्याच्या मशीनवर कास्टिंगचं, म्हणजे ओतीव धातूचं काम यायचं आणि कास्टिंगची कडक साल धार खाते. पण ऐकतंय कोण? साहेब म्हणाले, उद्या सकाळी त्याला केबिनमध्ये बोलवा.

त्या रात्री मी घरी गेलोच नाही. वर्षभराचं इनवर्ड रजिस्टर (आलेला माल) आणि इश्यू स्लिपांचे गठ्ठे (स्टोअरमधून दिलेला माल) घेऊन बसलो. पहाटे सापडलं. एकच इन्सर्ट तीन नावांनी चढवला होता. पहिल्या पाळीचा माणूस "सीएनएमजी १२०४०८" लिहायचा. दुसऱ्या पाळीचा मध्ये रेघा मारून "१२-०४-०८". आणि एक जुने काका "टर्निंग इन्सर्ट ०.८" लिहायचे, कारण शेवटच्या ०८ चा अर्थ टोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर, आणि ते त्याच भाषेत विचार करायचे. माल आला तो एका नावावर, गेला दुसऱ्या नावावरून. काकांच्या नावाने मागच्या रॅकला आठ बॉक्स पडून होते, एका बॉक्समध्ये दहा. बरोबर ऐंशी.

तो ऑपरेटर केबिनमध्ये गेलाच नाही. त्याला हे कधी पूर्ण कळलंही नसेल.

मी मात्र तिथे स्टुलावर बसलो आणि डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की प्रायमरी की कशासाठी असते. वस्तूचं नाव प्रत्येक नोंदीत नव्याने लिहायला लावलं की माणसं ते आपापल्या पद्धतीने लिहिणारच, त्यात कोणाचा खोटेपणा नसतो. म्हणून नाव एकाच जागी ठेवायचं, त्याला एक नंबर द्यायचा (हीच प्रायमरी की) आणि बाकी सगळीकडे तो नंबर वापरायचा. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. वर्षभर लेक्चर बघून जे शिकलो नाही ते रजिस्टरने एका रात्रीत शिकवलं.

मग मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर चार टेबलं केली: आयटम मास्टर, पुरवठादार, इनवर्ड, इश्यू. एसक्यूलाइट नावाचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट आहे आणि सर्व्हर लागत नाही. साहेबांनी विचारलं, सहा महिन्यांत एकदाही न उचललेला माल किती, त्याची यादी निघेल का? नॉन-मूव्हिंग स्टॉक म्हणतात त्याला, पैसा अडकून पडतो. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो. तीन रात्री गेल्या. लेफ्ट जॉइन केला, म्हणजे सगळ्या वस्तू घेऊन शेजारी त्यांच्या इश्यू जोडल्या, इश्यूची नोंद नल (रिकामी) असेल त्या वस्तू मागितल्या, आणि यादी रिकामी यायची. दरवेळी रिकामी. समोर रॅकवर धूळ खात माल दिसतोय आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणते असा मालच नाही.

चूक अशी होती की तारखेची अट मी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणी झाल्यावरच्या गाळणीत लिहिली होती. जी वस्तू कधी उचललीच नाही तिच्या समोर इश्यूची तारीख नल असते, आणि नलची कुठल्याही तारखेशी तुलना केली की ती ओळ गळून पडते. जी उचलली गेली तिची नोंद नल नसते, म्हणून तीही गळते. उरलं काय? ती अट ऑनमध्ये, जोडणीच्याच ओळीत न्यायची, म्हणजे आधी गेल्या सहा महिन्यांतल्याच इश्यू जोडायच्या आणि मग ज्यांना जोड मिळाली नाही त्या वस्तू उचलायच्या. एक ओळ खालून वर सरकवली आणि यादी आली. रात्रीचा दीड वाजला होता. आई उठून बघायला आली की हा एकटाच का हसतोय.

आता आईबद्दल, कारण माझी खरी दुखरी जागा तिथे आहे. आईची शाळा सातवीत सुटली. लग्नानंतर, आम्ही दोघं भावंडं शाळेत असताना, तिने मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि मग बीए केलं. नाशिककरांना सांगायला नको, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आपल्याच शहरात, गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं राहिलं आणि त्याचं ब्रीद आहे "ज्ञानगंगा घरोघरी". आईची पुस्तकं पिठाच्या डब्यावर ठेवलेली असायची. पोळ्या लाटताना ती मोठ्याने वाचायची.

२०२३ मध्ये पाथर्डी फाट्याला आमच्या नव्या घराची वास्तुशांती होती. माझे दाजी हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहेत, नियमित इंजिनिअरिंग केलेले. मी त्यांना आधी विचारलं होतं, दाजी, डिग्री होत आली, तुमच्याकडे माझा बायोडेटा पुढे पाठवाल का? जेवणाच्या पंगतीत तो विषय निघाला आणि ते म्हणाले, "तुमच्या घरात सगळ्यांच्याच डिग्र्या घरपोच." आई तेव्हा त्यांच्याच पानात वाढत होती. ती काही बोलली नाही, वाढून पुढे गेली. ताईने मान खाली घातली. मीही गप्प राहिलो, कारण घरचं कार्य होतं आणि ते जावई होते.

तेव्हा गिळलेलं आज इथे लिहितो. कॉलेजात चार वर्षं बसणं म्हणजे शिकणं असेल, तर वर्गात हजेरी लावून परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड वाचणारे सगळे विद्वान झाले असते. घरपोच काही येत नाही. आठ तास उभं राहून आल्यावर रोज दोन तास बसावं लागतं, आणि बसला नाहीत तर विचारायला कोणी येत नाही. आणि ऑनलाइन म्हणजे हलकं हा समज तर सोडाच. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा पदवी कार्यक्रम ऑनलाइन सुरू केला. त्यात आधी चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि पुढच्या परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. अवघड जातं म्हणून तिथून मुलं मध्येच गळतात.

एका गोष्टीत मात्र दाजींचं बरोबर होतं. ते म्हणायचे, एकट्याने शिकता येत नाही, शेजारी कोणीतरी लागतं. माझं पहिलं वर्ष वाया गेलं त्याचं निम्मं कारण तेच. दुसऱ्या वर्षी आमच्या बॅचमधल्या मालेगावच्या एका ताईंशी ओळख झाली, दोन मुलांची आई. आमचं ठरलं, रात्री दहाला फोन, एकाने दुसऱ्याला एक धडा समजावून सांगायचा. सांगताना अडलं की कळायचं, हे आपल्याला येत नाही. सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) मला त्यांनी शिकवलं, जॉइन मी त्यांना. आजपर्यंत आम्ही समोरासमोर भेटलेलो नाही.

२०२४ च्या मुलाखतीचं सांगतो. समोर दोघं बसले होते. डिग्री कुठली, कुठल्या पद्धतीने, काही विचारलं नाही. कागद पुढे सरकवला: आयटम आणि इश्यू अशी दोन टेबलं आहेत, गेल्या १८० दिवसांत न हललेला माल काढा. मी क्वेरी लिहिली आणि खाली स्वतःहून लिहिलं की तारखेची अट व्हेअरमध्ये टाकली तर यादी रिकामी येईल. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. सर्टिफिकेट मागितलं ते रुजू व्हायच्या दिवशी, झेरॉक्ससाठी.

काही गोष्टी खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. माझ्याकडे हाताशी खरा माल आणि खरी रजिस्टरं होती, ते सगळ्यांना मिळत नाही. तुम्ही १८ वर्षांचे असता आणि घरची परिस्थिती असती तर मी म्हटलं असतं, सरळ कॉलेजला जा. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत अनेकदा "फक्त फुल-टाइम पदवी" अशी अट असते. तिथे ऑनलाइनवाला पहिल्या चाळणीतच बाहेर पडतो, आणि याबाबत दाजींचा अनुभव खोटा नव्हता. बँकेतली आयटी ऑफिसरची भरती डोक्यात असेल तर साधं बीसीए पुरत नाही, तिथे चार वर्षांचं इंजिनिअरिंग किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी मागतात. इंजिनिअरिंगची पदवी तर ऑनलाइन द्यायला परवानगीच नाही, कोणी देतो म्हणाला तर तिथून निघा.

सरकारी मान्यतेचं म्हणाल तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा जाहीर केलं. घरच्यांना ते परिपत्रक दाखवा. पण मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला असते. डीईबीच्या, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, साइटवर जाऊन दोन्ही तपासा. प्रवेशासाठी आता स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. "आमच्या सेंटरमधून घ्या, एका वर्षात पदवी" म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही, आणि फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला नियमांत मनाई आहे.

परीक्षेचंही सांगून ठेवतो. माझ्या एका पेपरला जुलैच्या पावसात लाइट गेली, घरून पेपर देताना नजर ठेवणारं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि विद्यापीठाने मला गैरहजर धरलं. आठ मेल केले, उत्तर एकसारखं. सहा महिन्यांनी परत पेपर दिला. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी मी मित्राच्या इन्व्हर्टरवाल्या घरी, मोबाइलचा डेटा वेगळा ठेवून बसायचो. तुम्हीही तेच करा.

बीसीए की बीएस्सी आयटी, यावर फार डोकं शिणवू नका. दोन्हींचे विषय समोर ठेवा आणि ज्यात डेटाबेस, नेटवर्क आणि प्रोग्रामिंगचं प्रात्यक्षिक जास्त आहे ते घ्या. प्रवेशाआधी एनपीटीईएलचा (आयआयटींचं ऑनलाइन शिक्षण) एखादा प्रोग्रामिंगचा कोर्स फुकट करून बघा. बारा आठवडे दर आठवड्याचं असाइनमेंट वेळेवर देता आलं तर फी भरा.

आणि डिस्पॅचची नोकरी सोडू नका. रोज किती चलनं निघतात, कुठल्या गाडीत किती बॉक्स चढले, कुठला माल परत आला, हे तुम्ही आजही कुठेतरी लिहीतच असाल. या आठवड्यात त्याच्या नोंदी घेऊन बसा, एकच ग्राहक किती नावांनी लिहिलाय ते मोजा आणि टेबलं करायला घ्या. पार्टीचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, चलन वेगळं. कुठे अडलं तर या उत्तराखाली लिहा, रात्री दहानंतर मी बघतो.