हर्पिसचा आयजीजी पॉझिटिव्ह आला म्हणजे एचआयव्हीची शक्यता आहे का? निरोगी माणसांत आणि एचआयव्ही असलेल्यांत हर्पिसचं प्रमाण किती असतं?

तुमच्या रिपोर्टमध्ये एचएसव्ही-१ आणि सीएमव्ही, या हर्पिस गटातल्या दोन्ही विषाणूंचा आयजीजी (विषाणूविरुद्ध रक्तात तयार झालेली अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आहे, आणि त्यावरून तुम्हाला एचआयव्हीची शंका आली आहे. या दोन ओळींवरून एचआयव्हीबद्दल काहीही कळत नाही. शंभर धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तरी बहुतेकांचा रिपोर्ट असाच येईल.

माणसाला होणारे हर्पिस गटातले विषाणू आठ. ओठाच्या कडेला फोड आणणारा एचएसव्ही-१ जगातल्या पन्नाशीखालच्या जवळपास दोन तृतीयांश लोकांत आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सीएमव्ही जगभरात ८० टक्क्यांहून अधिक प्रौढांत, भारतात तर ९० टक्क्यांच्या आसपास. ईबीव्ही (एपस्टीन-बार विषाणू) ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांत. एचएचव्ही-६ (लहान मुलांना ताप आणि पुरळ आणणारा) बहुतेक मुलांना दोन-तीन वर्षांची होईपर्यंत होऊनही जातो. एकदा शिरलेला विषाणू शरीरातून कधीच जात नाही. त्यामुळे या चौघांच्या बाबतीत एचआयव्ही असलेल्यांचा आकडा वेगळा दिसायला फारशी जागाच उरत नाही.

खरा फरक दोन विषाणूंत दिसतो. एचएसव्ही-२, म्हणजे मुख्यतः जननेंद्रियांवरचा हर्पिस, जगात १५ ते ४९ वयाच्या साधारण १३ टक्के लोकांत आहे. एचआयव्ही असलेल्यांत मात्र अनेक पाहण्यांत तो निम्म्याहून जास्त जणांत सापडला आहे, आफ्रिकेच्या काही भागांत ८०-९० टक्क्यांपर्यंत. दोन्ही लैंगिक संबंधांतून पसरतात हे एक कारण. दुसरं, एचएसव्ही-२ च्या व्रणाच्या जागी सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात, व्रण भरल्यावरही काही आठवडे तिथेच राहतात, आणि एचआयव्हीला नेमक्या याच पेशी हव्या असतात. म्हणून एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट धरतात. दुसरा विषाणू एचएचव्ही-८. कापोसी सार्कोमा या कर्करोगामागे तोच आहे, हे १९९४ मध्ये कळलं. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तो जास्त आढळतो. आपल्याकडे कापोसी क्वचितच दिसतो.

आता रिपोर्ट. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरला, इतकंच. आयजीएमवर (संसर्गाच्या सुरुवातीला दिसणारी अँटीबॉडी) तर हर्पिससाठी विसंबूच नका: जुना विषाणू पुन्हा उठला तरी तो पॉझिटिव्ह येतो, आणि टाइप १ की २ हेही तो नीट सांगत नाही. लक्षणं नसताना सरसकट टॉर्च पॅनल (हर्पिस, सीएमव्ही, रुबेला वगैरेंची एकत्र रक्तचाचणी) करून घेणं माझ्या मते पैशाची आणि झोपेची नासाडी आहे. एचएसव्ही-२ आयजीजीचा इंडेक्स (रिपोर्टमधला आकडा) १.१ ते ३ च्या दरम्यान असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने पडताळल्याशिवाय तो खरा धरू नका. संसर्ग ताजा असेल तर अँटीबॉडी दिसायला १२ आठवडेही लागतात. फोड असेल तर रक्तापेक्षा स्वॅब बरा: ताज्या फोडाच्या तळाचा, पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी). खपली धरल्यावर विषाणू हाती लागेलच असं नाही.

एचआयव्हीमुळे बदलतं ते झोपलेल्या विषाणूचं जागं होणं. याच गटातला कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन उठतो, तोही तरुणपणी, वारंवार, कधी एकाहून जास्त पट्ट्यांत. म्हणून तिशीतल्या माणसाला नागीण झाली की डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतात आणि ती करावीच. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, हे खरं नाही. ती सहसा एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला येते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत असायक्लोव्हिर (हर्पिस गटावरचं औषध) ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. सीडी४ पेशींचा आकडा ५० च्या खाली गेला तर सीएमव्ही डोळ्याच्या पडद्यावर उतरू शकतो: नजरेत काळे ठिपके, एखादा भाग अंधुक. विषाणू असे जागे होऊ नयेत यासाठी खरा उपाय एआरटीच (एचआयव्हीवरच्या गोळ्या). एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत नागीण उठू शकते, तेवढ्यावरून गोळ्या बंद करू नयेत. नुसती असायक्लोव्हिर घेऊन एचआयव्ही जोडीदाराकडे जाणं थांबत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या असायक्लोव्हिरच्या मोठ्या अभ्यासात व्रण बरेच कमी झाले, एचआयव्हीचा प्रसार कमी झाला नाही.

तुमची शंका फिटायला एचआयव्हीचीच चाचणी लागेल. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन आणि चाचणी केंद्र) ती मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशन मिळतं, निकाल गोपनीय राहतो. जवळचं केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळेल. असुरक्षित संबंधाला तीन महिने झाले नसतील आणि निकाल निगेटिव्ह आला, तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा करा. संबंध येऊन ७२ तासही झाले नसतील तर चाचणीची वाट न पाहता लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीबद्दल (संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या) विचारा.